पाण्याचा आवाज किती सेकंदांचा

आमच्याकडे दूध घालायला येणारे मामा कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीचे. पहाटे गाडीचा स्टँड लावल्याचा खट् आवाज, मग किटलीच्या झाकणाचा, मग त्यांची हाक, या क्रमानं आमचं घर जागं होतं. गेल्या श्रावणात एका सकाळी पाऊस असा कोसळत होता, की मी त्यांना आत सोप्यात येऊन थांबायला सांगितलं. समोरच्या भिंतीवर मी नुकताच फ्रेम करून लावलेला फोटो होता. राजाराम बंधारा, आषाढातली सकाळ, गाळ्यागाळ्यांतून बाहेर पडणारं पंचगंगेचं पाणी. अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ शटर उघडं ठेवून काढलेला. दगडी खांब काळेभोर, सांधे दिसतील इतके स्वच्छ, आणि त्यांच्यामधून निघालेले पांढुरके पट्टे खाली एकमेकांत विरून गेलेले. मामांनी टोपी झटकली, फोटोच्या अगदी जवळ गेले, मग दोन पावलं मागं आले. "आपला बंधाराच हाय न्हवं?" म्हणाले. मी हो म्हटलं. आणखी थोडा वेळ बघत राहिले. पाऊस जरा कमी झाल्यावर किटली उचलता उचलता म्हणाले, "झ्याक आलाय. पर ताई, ह्यात पाण्याचा आवाज येत न्हाई."

एवढं बोलून ते पुढच्या घरी गेले.

ते वाक्य मला सोडेना, कारण त्या सकाळचं माझ्याजवळ सगळ्यात जास्त काय उरलं असेल तर तो आवाजच. कसबा बावड्याकडून खाली उतरताना नदी दिसायच्या आधी ती ऐकू येते. बरगे, म्हणजे गाळे अडवायच्या फळ्या, काढलेले असतात, पाणी स्लॅबच्या खालपर्यंत चढलेलं असतं आणि प्रत्येक गाळ्यातून ते स्वतःला कोंबून बाहेर काढत असतं. तो आवाज एकसारखा नाही. वरून सतत घरघर, आणि तिच्या खाली, अधूनमधून, एखादा मोठा लोट खांबावर आपटल्याचा ठोका. काठावरच्या चिखलात ट्रायपॉडचे पाय दाबून बसवताना तो ठोका ॲल्युमिनियमच्या नळीतून तळहाताला कळत होता. मातीचा, कुजलेल्या उसाच्या पाचटाचा आणि शेवाळाचा मिळून एक वास होता. चौकट ठरवून फोकस आधीच करून घेतला, कारण दहा स्टॉपचा फिल्टर एकदा लावला की भिंगातून डोळ्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. काळ्या चष्म्यापेक्षा कितीतरी पटींनी काळी अशी ती काच. फिल्टर नसताना आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १०० आणि भिंगाचं छिद्र एफ/११ ठेवलं, तर १/३० सेकंद येत होतं. दहा स्टॉप म्हणजे उजेड दहादा अर्धा करायचा, म्हणजे वेळ हजारपटीहून थोडा जास्त: साधारण चौतीस सेकंद. मागच्या व्ह्यूफाइंडरमधून उजेड आत झिरपू नये म्हणून त्यावर रुमाल टाकला, छत्री कॅमेऱ्यावर धरली आणि रिमोटचं बटण दाबलं. त्या चौतीस सेकंदांत एक ओंडका वाहत आला, गाळ्यात शिरला, आडवा झाला, सुटला आणि पलीकडे गेला. जलपर्णीचे दोन-तीन पुंजके गेले. एक खंड्या पाण्यावर झेपावून परत फांदीवर बसला. फोटोत यातलं काहीही नाही. जे एका जागी पुरेसा वेळ टिकलं नाही, त्याची नोंद त्या काचेपलीकडे पोचलीच नाही.

मला तो फोटो आवडला होता, आजही आवडतो. त्या सगळ्या धडपडीतून खांब कसे उभे आहेत, ते त्यात दिसतं. पण मामा पाणी बघत होते. खांब बघत नव्हते.

पाणी बघायला मला आप्पांनी शिकवलं. पाठीला पत्र्याचा डबा बांधून त्यांनी मला पंचगंगेत सोडलं, तेव्हा घाटावर उन्हाळ्याच्या सकाळी शंभर पोरं तरी असायची. पुलाच्या कमानीवरून उड्या टाकणारी मोठी पोरं बघत मी पायरीवर कुडकुडत बसायचे आणि आप्पा मला नदी दाखवायचे. दाखवायचे म्हणजे बोटानं. तिथं बघ, पाणी फुगल्यासारखं वर येतंय, खाली दगड आहे. तिथं बघ, पुलाच्या खांबामागं पाणी उलटं येतंय, फेस गोल फिरतोय, तिथं सापडलीस तर घाबरून सरळ पोहायचं नाही, फिरत फिरत कडेला यायचं. आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य: "पाणी जिथं गप्प दिसतं तिथं आधी काठी टाकून बघायची." फेसाचा एखादा ठिपका निवडून तो कुठून कुठं जातो ते बघत राहायचा खेळ आम्ही खेळायचो. एका ठिपक्यावर नजर ठेवायला चार-पाच सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तो पाण्याची वाट काढून दाखवतो. पुढं कॅमेरा हातात आला आणि पहिल्यांदा चार सेकंदांचा फोटो घाटावरून काढला, तेव्हा पडद्यावर जे उमटलं ते बघून मी आप्पांना हाक मारली. त्यांचं बोट जिथं जिथं फिरायचं, त्या सगळ्या रेषा त्यात होत्या. खांबामागची उलटी वाट, तिचा घेर, मुख्य धारेला ती कुठं परत मिळते ती जागा, सगळं फेसाच्या पांढऱ्या रेघांनी काढलेलं. आप्पा बराच वेळ बघत राहिले आणि त्यांनी एका जागेवर बोट ठेवलं. तिथं एक पोरगा त्यांनी बाहेर काढला होता, माझ्या जन्माच्या आधी.

म्हणजे लांब शटरनं पाणी मुकं होतंच असं नाही. चार सेकंदांत ते बोललं होतं. मग चौतीस सेकंदांत का नाही?

हे डोक्यात घेऊन मी राऊतवाडीला गेले. राधानगरीकडचा तो धबधबा पावसाळ्यात रविवारी माणसांनी भरून जातो, म्हणून मधल्या वारी, उजाडता उजाडता. एकाच जागी ट्रायपॉड ठेवायचा, चौकट हलवायची नाही आणि फक्त वेळ बदलत जायचं. आधी १/१००० सेकंद, आयएसओ चढवून. दहा मीटरवरून पडणारं पाणी, हवेचा अडसर बाजूला ठेवला तर, तळाशी येताना सेकंदाला जवळजवळ चौदा मीटर वेगानं येतं, म्हणजे एका सेकंदाच्या हजाराव्या भागात ते बोटभर जाडीइतकंच सरकतं. फोटोत थेंबन् थेंब हवेत थांबलेला दिसला, काचेच्या मण्यांसारखा. सुंदर होता, पण थंडगार. असं पाणी मी कधी पाहिलेलं नाही, कोणीच पाहिलेलं नाही. मग १/६०. यात काही धड नव्हतं, थेंबही नाहीत आणि धारही नाही, नुसतं हात हलल्यासारखं. मग १/८. एवढ्या वेळात पाणी तळाशी पावणेदोन मीटर अंतर कापतं. थेंबाची रेघ होते, पण रेघेला अजून टोक असतं, जाडी असते, एक रेघ दुसरीला छेदून जाते. कातळाच्या ज्या कंगोऱ्यावर पाणी आपटून फुटत होतं, तिथं चारी दिशांना उडालेल्या काड्यांचा झुबका दिसत होता. हा फोटो कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर आला आणि मला तो ऐकू आला. दुसरा शब्द मला सुचत नाही. पाव सेकंदाला आवाज जरा खाली उतरला. अर्ध्या सेकंदाला तो लांबून आल्यासारखा झाला. दोन सेकंदांपाशी रेघा एकमेकींत मिसळायला लागल्या, कंगोऱ्यावरच्या काड्यांचा नुसता पांढरा डाग उरला. तीस सेकंदांना कातळावरून पडदा सोडलेला. त्या पडद्याला वजन नव्हतं.

तिथंच ओल्या दगडावर बसून चहाच्या थर्मासचं झाकण हातात धरून मी ते फोटो पुढं-मागं करत बसले. कारण सरळ आहे, पण हातानं केल्याशिवाय ते पटत नाही. एखाद्या ठिकाणाहून एक लोट गेला की त्याची एक खूण राहते. शटर उघडं असताना तिथून दुसरा लोट गेला, तिसरा गेला, तर त्यांच्या खुणा पहिलीवर चढत जातात. दोन-चार खुणा असेपर्यंत प्रत्येकीचा चेहरा ओळखू येतो. शंभर झाल्या की सगळ्यांची सरासरी तेवढी उरते, आणि सरासरीला ठोका नसतो. बंधाऱ्यावर जो ठोका माझ्या तळहाताला लागत होता, तो दर दोन-तीन सेकंदांनी येत होता. चौतीस सेकंदांत असे दहा-पंधरा ठोके एकावर एक पडले आणि सपाट झाले. घाटावरच्या चार सेकंदांत फेस चालत होता सावकाश, त्यामुळे एका वाटेवरून एकच ठिपका गेला आणि त्याची रेघ जगली. सेकंद किती हे महत्त्वाचं नव्हतंच. तेवढ्या वेळात ती वस्तू चौकटीत किती सरकली आणि स्वतःवरून किती वेळा गेली, यावर सगळं. म्हणून राऊतवाडीला जवळून १/८ ला जे मिळालं, ते समोरच्या डोंगरावरचा एखादा लांबचा ओहळ टिपताना एक सेकंदाला मिळतं. चौकटीत तो तेवढाच सरकतो.

खरी कॉर्नरवरच्या कॅमेरा स्तंभापाशी मी अनेकदा थांबते. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःचा कॅमेरा घडवला आणि हातानं दांडा फिरवत मूकपट काढले, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. त्यांचा प्रश्न माझ्या प्रश्नाच्या बरोबर उलट्या बाजूनं येतो. त्यांना हालचाल तुकड्यांत तोडून पुन्हा जोडायची होती, मला ती एका तुकड्यात साठवायची असते. पण सिनेमातसुद्धा प्रत्येक चौकट अगदी स्वच्छ असून चालत नाही. सेकंदाला २४ चौकटी असतील तर एकेक चौकट साधारण १/४८ सेकंद उघडी ठेवतात, पळणाऱ्या माणसाचे पाय तिच्यात पुसट होतात, आणि त्या पुसटपणामुळेच पडद्यावर तो पळतो. चौकटी फार कमी वेळाच्या घेतल्या तर माणूस झटके खात चालतो. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. पुसटपणा म्हणजे बिघडलेला फोटो असं लहानपणी स्टुडिओतल्या काकांनी मनावर इतकं ठसवलं होतं! "हलू नका" हा त्यांचा मंत्र होता.

हलू नका हे मात्र कोणाला तरी सांगावंच लागतं. सगळंच हललं तर हालचाल दिसत नाही. मसाई पठारावर भाद्रपदात गवत गुडघ्यापर्यंत येतं आणि पश्चिमेकडून वारा आला की पठाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याची लाट जाते. ती लाट मला फार दिवस मिळत नव्हती. अर्धा सेकंद, एक सेकंद, काहीही करा, हिरवा चिखल. एका दुपारी वारा तोच, गवत तेच, पण चौकटीत एक काळा कातळ आला, जांभ्याचा, कमरेएवढा. त्याच्या कडेची पाती वाकून पुसट झाली होती, कातळाची खरखर टोचेल इतकी स्पष्ट होती, आणि एकाएकी वारा दिसला. त्याच दिवशी मी पन्हाळ्याच्या दिशेनं तोंड करून ढग टिपले. दोन मिनिटं शटर उघडं. ढग आपल्या अंगावर येत असले तर आकाशात क्षितिजापासून फाकलेल्या पट्ट्या होतात, आडवे जात असले तर सपाट लांब ओढ दिसते. अंगावर येणारे मला जास्त आवडतात. त्यात पाऊस येणार हे कळतं.

फोटोग्राफीच्या पहिल्या दिवसांतच याचा दाखला मिळून गेला आहे. लुई दागेर यानं १८३८ मध्ये पॅरिसमधल्या एका रुंद रस्त्याचा फोटो खिडकीतून काढला. भर दिवसाचा तो रस्ता नक्कीच गजबजलेला असणार, पण काही मिनिटांच्या एक्सपोजरमध्ये घोडागाड्या आणि माणसं सगळी नाहीशी झाली. कोपऱ्यावर एक माणूस बूट पॉलिश करून घ्यायला पाय वर ठेवून थांबला होता. तो तेवढा राहिला. मी पंचगंगा घाटावर सकाळच्या गर्दीत असे फोटो काढले आहेत. त्यात दीपमाळा उरतात, समाध्या उरतात, पायऱ्या उरतात, आणि कपडे धुणाऱ्या बाया धूसर होऊन दगडाच्या कडेला नुसती ओल असल्यासारख्या दिसतात. मला हे बघवत नाही. घाट त्यांचा आहे, त्या रोज येतात, आणि माझ्या कॅमेऱ्यात त्या नाहीत. बाहेरचे लोक या फोटोंना "किती शांत, किती पवित्र" म्हणतात. त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे घाटावर हजारो पणत्या लावतात, तेव्हा मात्र मी मुद्दाम दहा-पंधरा सेकंद घेते. पायऱ्यांवरच्या पणत्या जागच्या जागी राहतात, पाण्यात सोडलेल्यांच्या पिवळ्या रेघा होतात आणि वाकून पणती लावणारं माणूस तेवढा वेळ वाकलेलं असेल तर ते राहतं. त्या पहाटे लोक थांबलेले असतात, म्हणून ते फोटोत असतात.

रंकाळ्याची गोष्ट वेगळी. तिथं मी चार-चार मिनिटं घेते आणि मनात कसलीही टोचणी नसते. संध्यामठाच्या बाजूला सूर्य खाली गेल्यावर पाण्यावर बारीक सुरकुत्या असतात, त्या लांब एक्सपोजरमध्ये विरघळतात आणि आभाळाचा रंग पाण्याच्या अंगात उतरतो. अबालाल रहिमान याच काठावर बसून चित्रं काढत. संध्यामठ त्यांनी रंगवला, कोटितीर्थ रंगवलं. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले, त्या दुःखात त्यांनी आपली कितीतरी चित्रं रंकाळ्यात सोडून दिली असं कोल्हापुरात सांगतात. काठावर ट्रायपॉड लावून थांबलेली असताना मला नेहमी ते आठवतं. चित्रकार तासन् तास बसतो, त्या तासांत उजेड बदलतो, वारा पडतो, उठतो, बगळे येऊन जातात आणि कागदावर यातला कुठलाच एक क्षण नसतो. सगळे मिळून एक संध्याकाळ असते. माझी चार मिनिटं त्याच जातीची आहेत असं मला वाटतं. रंकाळ्याला ठोका नाही. त्याला दिवसभराचा एक उतार आहे, आणि तो पकडायला मिनिटं लागतात.

जलपर्णीचं काय करायचं हे मात्र मला अजून उमगलेलं नाही. वाऱ्यानं सरकणारे तिचे गालिचे मिनिटभराच्या एक्सपोजरमध्ये हिरव्या धुरासारखे होतात, इतके देखणे की बघणारा विचारतो, हे काय आहे? तीच गत पंचगंगेच्या फेसाची. नदीचा नैसर्गिक फेस असतो, पण उन्हाळ्याच्या शेवटी आणि पहिल्या पावसात जो घट्ट, पिवळट, वास मारणारा फेस बंधाऱ्यांखाली साचतो, तो सांडपाण्याचा आहे हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. फोटोत त्याचीच वलयं सगळ्यात रेखीव येतात. आप्पांनी शिकवलेल्या वाटा आता त्या घाणीनं काढलेल्या दिसतात. वास फोटोत येत नाही. मी असे फोटो काढते, आणि त्यांच्याखाली ठिकाण आणि महिना लिहिताना फेस कसला तेही लिहिते. लिहिलं नाही तर तो फोटो खोटं बोलतो.

महापुराचे फोटो मी लांब शटरवर कधीच काढायचे नाहीत, असं मामांच्या त्या वाक्यानंतर ठरवून टाकलं होतं. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, आणि दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलेलं. पावसाळ्यात इथं माणूस भेटला की आधी "किती फूट?" विचारतो. चिखली आणि आंबेवाडी दोन्ही वेळा रिकामी करावी लागली. अशा पाण्याला रेशमी करून भिंतीवर लावणं मला अपमान वाटला असता. हे मी एकदा मामांना बोलून दाखवलं, साधारण याच शब्दांत, माप किटलीत बुडत असताना. त्यांनी माप तसंच धरलं आणि म्हणाले, "न्हाई ताई. गल्लीत पाणी आलं तवा आवाज न्हवता. आवाज नदीला. गल्लीत नुस्तं गप वाढत हुतं." रात्री म्हशींच्या दाव्याला हात लावला तेव्हा दावं ओलं लागलं, त्यावरून त्यांना कळलं. बाहेर अंधारात कुत्री भुंकायची थांबली होती. खळखळ नाही, लाट नाही. पहिली पायरी होती ती नाहीशी झाली, मग दुसरी. म्हशी सोडून रस्त्याकडं हाकताना पाणी त्यांच्या गुडघ्याला होतं आणि तरी ते हलताना दिसत नव्हतं.

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

त्यांनी माझ्या फोटोला नाव ठेवलं नव्हतं, बंधाऱ्याचं पाणी कसं असतं ते सांगितलं होतं. गल्लीतलं पाणी कसं असतं तेही त्यांना ठाऊक होतं. मी मात्र आवाज म्हणजे खरं आणि शांतता म्हणजे सजावट असा हिशेब मांडून बसले होते. तासाला काही इंच चढणारं पाणी कुठल्याच शटरला सापडणार नाही, १/८ ला नाही, चार मिनिटांनाही नाही. ती हालचाल डोळ्यालाही दिसत नाही, हाताला लागते. पूर ओसरल्यावर चिखलीत गेले होते, तेव्हा घरांच्या भिंतींवर चिखलाची एक आडवी रेघ होती, सगळ्या गल्लीतून एकाच पातळीत गेलेली, खिडकीच्या वर, देवळीच्या वर. रेघेच्या खाली भिंत गडद, वर जुना चुना. पाणी तिथं काही दिवस थांबलं म्हणून ती उमटली. मी तिचा फोटो काढला होता, १/१२५ ला, साधा, नोंद म्हणून, आणि विसरले होते. आता तो काढून बघते तेव्हा वाटतं, पुराच्या हालचालीचा माझ्याकडचा सगळ्यात खरा फोटो हाच असावा. यात शटरनं काहीच केलेलं नाही. वेळ भिंतीनंच धरून ठेवला होता.

त्यामुळे आता मी जागेवर पोचल्यावर फिल्टरची पिशवी लगेच उघडत नाही. आधी उभी राहते. ठोका आहे का, असला तर किती वेळानं येतो, हे तोंडानं मोजते. फेसाचा ठिपका निवडून तो चौकट किती वेळात ओलांडतो ते बघते. हलणार नाही असं काय आहे ते शोधते. माणसं असतील तर ती किती थांबतात ते बघते. वेळ त्यावरून ठरतो. कितीदा तरी तो काळा फिल्टर लागतच नाही, ढगाळ सकाळी पोलरायझर (चकाकी कापणारी काच) लावला तरी दीड-दोन स्टॉप उजेड कमी होतो, ओल्या पानांवरची चमक जाते आणि १/८ सहज मिळतं.

यंदा मला राधानगरीचे दरवाजे हवे आहेत. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव काठोकाठ भरला की पाण्याच्याच दाबानं ते आपोआप उघडतात, बटण दाबायला माणूस लागत नाही. एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. पहिला उघडला की कोल्हापुरात फोन वाजायला लागतात, आणि चिखलीत म्हशींचं काय करायचं याचा विचार सुरू होतो. तो कधी उघडेल हे आधी कोणी ठामपणे सांगू शकत नाही, त्यामुळे जाऊन थांबावं लागणार, जिथवर जाऊ देतात तिथवर, लांबची लेन्स घेऊन. आधीचा कोरडा सांडवा आणि नंतरचं पाणी अशा दोन चौकटी सोप्या आहेत. मला मधलं हवंय. दरवाजा उचलला जातो आणि पहिला लोट खालच्या दगडांवर जाऊन आदळतो, तेवढंच. तिथं किती वेळ द्यायचा हे मी अजून ठरवलेलं नाही. इतक्या लांबून पाव सेकंद बरोबर ठरेल असा अंदाज आहे. पण आवाज पोचायलाही वेळ लागतो, अर्ध्या किलोमीटरला दीड सेकंद. म्हणजे ऐकू येईपर्यंत थांबले तर उशीर झालेला असेल, दरवाजाकडंच बघत राहावं लागेल.